तारेवरच्या साळुंकीला शॉक का लागत नाही? चौथीतल्या मुलीला कसं समजावू?

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. गॅलरीसमोरून ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) लाइन जाते. सकाळी तिच्यावर साळुंक्या, पारवे असतात आणि एक कोतवाल तर ठरलेलाच. किडा दिसला की झेप घेतो, परत त्याच उघड्या तारेवर येऊन शेपटी हलवत बसतो.

परवा त्याच तारांत मोठं वटवाघूळ मेलेलं दिसलं. एक पंख एका तारेला, दुसरा शेजारच्या. मुलीला सांगितलं, पक्ष्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून ते वाचतात. तर लगेच म्हणाली, "वटवाघळाचे तरी कुठे टेकले होते?"

घाई अशासाठी, की संक्रांतीपासून तारेत पतंग अडकलाय आणि काल ती पडद्याचा लोखंडी रॉड घेऊन कठड्याशी उभी होती. पक्षी बसतात म्हणजे करंट नसेल, असं तिला वाटलं! अजून छातीत धडधडतंय. कृपया मदत करा.

प्रतिसाद
ताई, आधी रॉड कुलपात ठेवा. ११ केव्हीला रॉड टेकायलाही लागत नाही, फार जवळ गेला तरी वीज उडी मारते. आणि स्लॅबवर उभं राहणं म्हणजे जमिनीवरच उभं राहणं. ओली काठीसुद्धा नको.

मी लाइनवर काम केलंय. तिला दोन टाक्यांचं सांगा. पाण्याची पातळी सारखी असेल तर मधल्या नळीतून पाणी वाहत नाही. साळुंकीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन बोटांच्या अंतरावर, म्हणून दोन्हीकडे व्होल्टेज जवळपास सारखंच. वटवाघळाच्या पंखांचा पसारा मीटरभराहून जास्त. त्यानं दोन फेज, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या तारा, जोडल्या, म्हणजे ११,००० व्होल्टचा फरक अंगावर आला. एक पंख तारेला आणि दुसरा खांबावरच्या अर्थिंग केलेल्या (जमिनीला जोडलेल्या) लोखंडी अँगलला लागला, तरी सहा हजारांहून जास्त व्होल्ट बसतात. घारी, मोर असेच जातात.

पतंगाचं वीज कंपनीला कळवा, लाइन बंद करूनच काढतात. गॅलरीतून रॉड पोचण्याइतकी तार जवळ असेल तर लेखी तक्रारच करा.

धागाकर्ती
दादा, टाक्यांचं तिला लगेच कळलं. मग स्वतःच म्हणाली, "साळुंकीनं एक पाय तारेवर आणि एक लोखंडावर ठेवला, तर तीच नळी होईल." रॉड माळ्यावर टाकून कुलूप लावलंय. तक्रार उद्या देते. सोबत गॅलरीतून काढलेला फोटो जोडला तर चालेल ना?