'घरचीच गाडी आहे, बिल कशाला?' गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडून खाजगीत जुनी गाडी घ्यावी का?

घोडबंदरकर

माझं मत आधी सांगतो, मग अनुभव. गाड्या घेणं-विकणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्याकडून 'खाजगी व्यवहार' म्हणून गाडी घेऊ नये. धंदेवाल्याकडून घ्यायची तर धंद्याच्या रीतीने, बिल घेऊन. नाहीतर सरळ ज्याच्या नावावर आरसी आहे त्या मालकाकडून घ्यावी. या दोहोंच्या मधल्या जागेत मी अडकलो आहे.

आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून २०१७ची एक छोटी पेट्रोल गाडी पाहिली. जाहिरातीत 'डायरेक्ट पार्टी, फर्स्ट ओनर, घरची गाडी' असं होतं. कापूरबावडीजवळ बोलावलं. माणूस अतिशय गोड बोलणारा. रस्त्याच्या कडेला आणखी तीन गाड्या उभ्या होत्या आणि तिन्हींच्या चाव्या त्याच्याच खिशात. मी तेव्हाच निघायला हवं होतं. आरसीवर नाव दुसऱ्याचं, तर म्हणाला मावसभावाची आहे. बिल मागितलं, तर "घरच्या गाडीचं कसलं बिल? गाडी नावावर करायचे टीटी फॉर्म सही करून तयार आहेत." मीटरवर ४१ हजार किलोमीटर. सौदा ३ लाख ४० हजारांना. पावणेदोन लाख रोख, बाकीचे त्याच्या बायकोच्या खात्यात.

पाच आठवड्यांत गिअर अडकायला लागले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला, तर संगणकावर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसची नोंद निघाली: ७८ हजार किलोमीटर. आरसीवरच्या गृहस्थांना शोधून काढलं. ते त्याचे कोणी मावसभाऊ नव्हते. त्यांनी चार महिन्यांपूर्वी २ लाख ७५ हजारांना त्याला गाडी दिली होती, खरे किलोमीटर सांगून. त्या माणसाकडे गेलो, तर म्हणाला, "मी विकलीच नाही. मी फक्त ओळख करून दिली. ज्याचं नाव आरसीवर, त्याला विचारा."

आणि कागद बघितले तर तो म्हणतो तसंच दिसतं. त्या टीटी फॉर्मांवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, एका बाजूला ते गृहस्थ, दुसऱ्या बाजूला मी. ज्याने पैसे घेतले तो कुठेच नाही.

पाचपाखाडी

तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण निष्कर्ष पटत नाही. गेल्या २२ वर्षांत मी चार गाड्या अशाच लोकांकडून घेतल्या, त्यातल्या दोन वर्तकनगरच्या एकाच माणसाकडून. एकाही गाडीचं बिल नाही आणि एकाही गाडीने रस्त्यात दगा दिला नाही. मला फसवलं ते 'डायरेक्ट मालका'ने. निवृत्त, सुशिक्षित, देवघरासमोर बसवून चहा पाजणारा माणूस, आणि गाडी पुरात बुडालेली.

बिलाचा हिशेबही करा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आधी लहान गाड्यांना १२ होता. तुमचेच आकडे घेतले तर फरक ६५ हजारांचा, त्यावर ११,७०० रुपये कर. तो विक्रेता स्वतःच्या खिशातून भरेल का? गिऱ्हाइकाकडूनच घेणार. तेवढ्यात चार नवे टायर नाही, तरी दोन येतात. तुमची चूक बिल न घेण्यात नाही, मिस्त्री बरोबर न नेण्यात आहे.

नेरूळची वाचक

पाचपाखाडी दादा, तुम्ही फक्त घेणाऱ्याचं बघताय. मी देणारी आहे, माझंही ऐका.

यजमान गेल्यावर त्यांची गाडी आधी माझ्या नावावर करून घेतली आणि मग सानपाड्याच्या एका दलालाला दिली. त्याने २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, घेणाऱ्याची जागा कोरी. "गिऱ्हाईक मिळालं की नाव भरू, ताई." पैसे पूर्ण मिळाले, म्हणून मी निश्चिंत. पुढचे सात महिने गाडी माझ्याच नावावर फिरत होती. आधी ई-चलनाचे मेसेज आले. सिग्नल तोडला, सीटबेल्ट नाही, असलं काहीबाही. मग एका संध्याकाळी पोलीस ठाण्यातून फोन, की तुमच्या गाडीने शिळफाट्याजवळ स्कूटरला धडक दिली आहे. स्कूटरवाल्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, ही देवाची कृपा. माझे हात मात्र रात्रभर थरथरत होते.

नंतर कळलं की सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्टच सांगितलं आहे: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईसाठी मालक, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरली असो. तुमचे ते विश्वासू वर्तकनगरवाले मधल्या काळात गाडी कोणाच्या नावावर ठेवतात? माझ्यासारखीच कुणीतरी तिकडे असते.

जुना मिस्त्री, ऐरोली

३० वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. लोक गाडी आणतात ती विकत घेतल्यावर. मग मी काय सांगू? सांगून दुखवायचं तेवढं उरतं.

बिल असो वा नसो, गाडी थंड इंजिनावर बघा. आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. पामबीचवर चालवून बघू नका, तिथे कोणतीही गाडी चांगलीच धावते. गायमुखच्या चढावर न्या, किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर, दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडेल आणि गाडी वेग घेणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बुडालेल्या गाडीचा सगळा आतला भाग बदलतात, पण पट्ट्याच्या टोकाचा गाळ राहतो. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. बोनेटच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत का बघा.

मीटरवर तर कधीच जाऊ नका. ४० हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टीअरिंगची कातडी सुटत नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१७ची गाडी, ४० हजार किलोमीटर आणि चारही टायर नवे, मग आधीचे गेले कुठे?

आणि एक बोलतो, घोडबंदरकरांना राग येईल. धंदेवाला सगळा वाईट नसतो. चांगला धंदेवाला विकण्याआधी क्लचप्लेट, ब्रेकपॅड, बॅटरी बदलतो. घरगुती मालक विकायचं ठरलं की ऑइलसुद्धा बदलत नाही.

वकिलीतली एक

'खाजगी' म्हटल्याने कायद्यातली जागा बदलत नाही, एवढं आधी लक्षात घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बघितलं जातं की समोरचा माणूस वस्तू विकण्याचा व्यवसाय करतो का. शेजारच्या काकांनी त्यांची एकुलती गाडी विकली तर तुम्ही ग्राहक आयोगात सहसा जाऊ शकत नाही. तीन गाड्या कडेला उभ्या करून चाव्या खिशात ठेवणाऱ्याविरुद्ध जाऊ शकता. मालविक्रीचा १९३० चा कायदाही हेच म्हणतो: घेणाऱ्याने पारखून घ्यावं हा मूळ नियम, पण त्या मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णन देऊन विकलं असेल तर त्याला अपवाद आहे. अर्थात गाडी तपासली असेल तर तपासणीत दिसण्यासारखे दोष त्यातून सुटतात.

मग 'घरची गाडी' म्हणण्यात त्याचा फायदा कोणता? पुरावा राहत नाही. तो विक्रेता होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, म्हणून माझं मत घोडबंदरकरांच्या बाजूचं आहे. मात्र मिस्त्री काकांचा मुद्दा कायद्यातही आहे. समोरचा नुसता गप्प राहिला आणि साध्या चौकशीत सत्य कळण्यासारखं होतं, तर फसवणूक म्हणून करार मोडणं कठीण जातं.

घोडबंदरकर, तुमच्या हातात बरंच आहे. जाहिरातीचा फोटो, मेसेज, बायकोच्या खात्यात गेलेली रक्कम, त्याने त्याच जाहिरातीच्या खात्यावर टाकलेल्या इतर गाड्या. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आरसीवरच्या गृहस्थांचा जबाब. त्यांना शत्रू समजू नका, ते तुमचे साक्षीदार आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता तिथल्या म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून नोंद करा.

खारघर

सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. मी गेल्या वर्षी पनवेलच्या एका गाडीविक्रेत्याची स्वतःची गाडी घेतली. खरोखर स्वतःची. आरसीवर त्याचंच नाव, चार वर्षांपूर्वीची तारीख, चारही वर्षांचा विमा त्याच्या नावाने, मागच्या सीटवर पोराच्या चॉकलेटचे डाग. ती खाजगी विक्रीच होती आणि बिल न मागता मी घेतली. आरसीवरची तारीख बघा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

दोन गोष्टी कोणी बोललं नाही. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, तर जुन्या मालकाचा, तो आपल्याला मिळतच नाही.

पाचपाखाडी

नेरूळच्या ताईंचं वाचून मी खरंच गप्प झालो. त्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. तरीही एक विचारतो. मोठ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये तीच गाडी मला ४०-५० हजारांनी महाग सांगितली. अडीच-तीन लाखांत पहिली गाडी घेणाऱ्या घराने काय करायचं? हे कडेला उभे राहणारेच त्यांना गाडी मिळवून देतात. यांच्यावर बहिष्कार टाकला तर राहणार फक्त मोठे.

आणि गाडी त्याने आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी म्हणाल, तर आरसीवर एक मालक वाढतो. फर्स्ट ओनरची सेकंड ओनर झाली की भाव पडतो. तो तोटाही शेवटी गिऱ्हाइकाचाच.

वकिलीतली एक

त्याचीच सोय १ एप्रिल २०२३ पासून झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घेता येतं, पाच वर्षांचं. मालकाने गाडी त्याला दिली की फॉर्म २९ सी ने ऑनलाइन कळवायचं. तिथून गाडी त्याच्या ताब्यात असल्याची सरकारी नोंद होते, जबाबदारी त्याच्याकडे जाते, आणि त्यासाठी आरसीवर नवा मालक चढवावा लागत नाही. गाडी कुठे फिरवली याची वहीही त्याने ठेवायची असते. हे त्या वेळी असतं आणि वापरलं असतं, तर नेरूळच्या ताईंना तो फोन आला नसता.

नेरूळची वाचक

मला हे कोणी सांगितलंच नाही. २९ सी. लिहून ठेवते. जावेची गाडी विकायची आहे.

घोडबंदरकर

पाचपाखाडीकर, छोट्या विक्रेत्यांचं पोट मारावं असं मला वाटत नाही. माझे वडीलही छोटा धंदाच करायचे, नौपाड्यात, आणि दोन रुपयांच्या खिळ्यांची पावती द्यायचे. मोठं छापील बिल नको. एका साध्या कागदावर गाडीचा नंबर, चासी नंबर, आजचे किलोमीटर, अपघात किंवा पूर झाला आहे की नाही, घेतलेली रक्कम, आणि खाली 'विकणारा' म्हणून त्याची सही. रक्कम बँकेतून, त्याच्या स्वतःच्या खात्यात. मी पावणेदोन लाख रोख दिले ती माझी चूक. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, म्हणून त्याने बरोबर त्याच्या आतली रक्कम मागितली होती, हे मला आत्ता कळतंय.

एवढा कागद जो देईल, त्याच्याकडून मी उद्या दुसरी गाडी घेईन. मिस्त्री काका, राग नाही. तुमचा पत्ता आधी माहीत असता तर बरं झालं असतं.

आरसीवरचे गृहस्थ आज भेटले. तेही घाबरले होते, मी त्यांच्यावर केस करतो की काय म्हणून. लेखी जबाब देतो म्हणाले. सोमवारी तक्रार दाखल करतोय.

पाचपाखाडी

भाच्यासाठी गाडी बघतोच आहे. तुमचा तो कागद घेऊन वर्तकनगरला जातो. काय म्हणतात ते इथे लिहीन.

पाचपाखाडी

जाऊन आलो. किलोमीटर लिहून द्यायला लगेच तयार झाला, सर्व्हिसची नोंदही दाखवली, जुळते आहे. पैसे खात्यात घ्यायलाही हरकत नाही म्हणाला. 'विकणारा' या शब्दाखाली मात्र सही करायला तयार नाही. "इतक्या वर्षांची ओळख आणि तुम्ही कागद मागता?" म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं. गाडी चांगली आहे. भाच्याला अजून हो म्हटलेलं नाही.