भिंत पातळ केल्यावर रिब आणि क्लिपचं काय?
प्लास्टिकच्या डब्याची भिंत ३ वरून २ मिमी केली तर चालेल का, असा प्रश्न आहे. प्लास्टिक नक्की वाचेल, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जेमतेम ३० टक्के उरतो. आतून १ ते १.२ मिमी जाडीच्या रिब, म्हणजे भिंतीला आधार देणाऱ्या पट्ट्या द्या; त्याहून जाड केल्या की बाहेरच्या पृष्ठभागावर खळगे दिसतात. झाकण मात्र कृपया चिकटवू नका, दुरुस्ती आणि रिसायकलिंग दोन्ही अवघड होतं. स्नॅप-फिट, म्हणजे दाबलं की वाकणाऱ्या क्लिपने अडकणारं झाकण घ्या. क्लिपची लांबी १५, जाडी १.५ आणि वाकणं १.५ मिमी धरलं तर मुळाशी स्ट्रेन (वाकताना प्लास्टिक किती ताणलं जातं ते) १.५ (सूत्रातला स्थिरांक) × १.५ × १.५ ÷ १५², म्हणजे १.५ टक्के येतो. पॉलिप्रॉपिलीनला तो सहज झेपतो. मुळाशी ०.७५ मिमीचा फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई) हवाच, नाहीतर क्लिप तिथेच तुटते. संगणकावरच्या डिझाइनमध्ये रिबची जाडी इक्वेशनने (सूत्राने) भिंतीच्या जाडीशी जोडून ठेवा: भिंत × ०.५५.