मदत हवी आहे: बेलचं प्रमेय सांगताना एका प्रश्नावर अडतोय

विज्ञान न शिकलेल्या प्रौढ श्रोत्यांसमोर क्वांटम मापनावर अर्धा तास बोलायचं आहे. श्रोडिंगरचं मांजर (पेटीतलं मांजर उघडून पाहेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही, हा विचारप्रयोग) मुद्दाम टाळतोय. त्यातून लोक 'आपल्याला फक्त माहीत नसतं' एवढंच घेऊन जातात आणि मला नेमका तोच समज खोडायचा आहे.

म्हणून भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचं १९६४ चं प्रमेय घेतलं: मोजमापाची उत्तरं आधीच ठरलेली असतील तर ती किती जुळू शकतात याला मर्यादा असते. गुंतलेल्या (एकत्र जन्मलेल्या, मोजमापात एकमेकांशी जोडलेल्या) फोटॉनची म्हणजे प्रकाशकणांची जोडी, दोन्ही टोकांना पोलरायझर, म्हणजे फिरवता येणारी प्रकाशाची गाळणी. फोटॉन पार झाला की अडला, हे उत्तर. दोन्ही एकाच कोनात असले की उत्तरं कायम जुळतात. एक ३०° फिरवला की २५ टक्के वेळा जुळत नाहीत. उत्तरं आधीच ठरलेली असतील, तर दोन्ही पोलरायझर विरुद्ध दिशांना ३०-३०° फिरवल्यावर तफावत फार तर ५० टक्के हवी. क्वांटम सिद्धांत सांगतो ७५, आणि प्रयोगांचा कौलही त्याच बाजूने आहे. 'उपकरणात खोट असेल' या शंकेला २०१५ च्या प्रयोगांचं उत्तर आहे. इथवर लोक मनापासून सोबत येतात.

मग हमखास प्रश्न येतो: "म्हणजे एकाने दुसऱ्याला प्रकाशापेक्षा वेगाने कळवलं ना?" एकाच टोकाच्या नोंदी पाहिल्या तर कायम निम्मे-निम्मेच दिसतं, त्यामुळे निरोप धाडता येत नाही, हे सांगून पाहिलं. ते पटतं. पण लगेच "मग ७५ कुठून आले?"

हातमोज्यांच्या जोडीची उपमा नको, तिच्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. अनेक विश्वं किंवा क्वांटम सिद्धांताचा दुसरा कुठलाही एक अर्थ लादायचा नाही. टक्केवारी चालेल, त्रिकोणमिती नाही.

'निरोप जात नाही' आणि 'नुसत्या आधी ठरलेल्या उत्तरांनी हे घडत नाही' ही दोन्ही विधानं श्रोत्याला एकत्र कशी पटवून द्याल? दोन्ही टोकांच्या नोंदींचे तक्ते शेजारी ठेवून कुणी समजावलंय का?