फाइल तीच, सूत्र तेच. तरी एकाच संगणकावर #व्हॅल्यू! का येते?

प्रश्न

आमच्या विभागातील मालाच्या आवक-नोंदींची एक्सेल फाइल चार संगणकांवर वापरली जाते. सी रकान्यात माल पोचण्याची ठरलेली तारीख असते आणि डी रकान्यात तो प्रत्यक्ष पोचल्याची. दोन्ही तारखा दुसऱ्या एका प्रणालीतून मजकुराच्या रूपात येत असल्यामुळे उशिराचे दिवस काढण्यासाठी ई रकान्यात =डेटव्हॅल्यू(डी२)-डेटव्हॅल्यू(सी२) हे सूत्र घातले आहे (डेटव्हॅल्यू मजकुरातील तारखेचे खऱ्या तारखेत रूपांतर करते). तीन संगणकांवर उत्तरे बिनचूक येतात. चौथ्यावर फाइल उघडताना सर्व ठीक दिसते. परंतु नव्या ओळी भरल्या, किंवा जुन्या ओळीतील सूत्रावर जाऊन एफ२ व एंटर दाबले, की काही ओळींत #व्हॅल्यू! येते आणि काहींत येत नाही. एक्सेलची आवृत्ती चारही ठिकाणी एकच आहे. फाइल नव्याने कॉपी करून झाली, त्या संगणकावर ऑफिस काढून पुन्हा इन्स्टॉल करून झाले, तरी फरक पडलेला नाही. दोष सूत्रात किंवा फाइलमध्ये असता तर तो सगळीकडे दिसायला हवा होता. नेमके कोठे पाहावे?

पहिले उत्तर

कोणती चूक येते हे आपण स्पष्ट लिहिले, त्यामुळे शोध बराच आखूड होतो. #नेम? (म्हणजे फंक्शनचे नाव ओळखता आले नाही) आले असते तर आवृत्तीकडे पाहावे लागले असते; उदाहरणार्थ, एक्सलुकअप हे फंक्शन एक्सेल २०१६ किंवा २०१९ मध्ये नाही, त्यामुळे नव्या आवृत्तीत केलेली फाइल तेथे उघडून पुन्हा गणन झाले की हीच चूक दिसते. उत्तरे बदलतच नसती, तर गणन ‘मॅन्युअल’वर गेले आहे का हे पाहिले असते, कारण ही अवस्था त्या सत्रात सर्वप्रथम उघडलेल्या फाइलकडून घेतली जाते आणि नंतर उघडलेल्या फाइलींनाही लागू होते. आपल्याकडे यांपैकी काही दिसत नाही. #व्हॅल्यू! येणाऱ्या आणि न येणाऱ्या ओळींतील तारखा कृपया जशाच्या तशा लिहाव्यात.

प्रश्नकर्ता

न चुकणाऱ्या ओळींत ०५/०४/२०२४, ०९/०४/२०२४, ११/०४/२०२४ अशा तारखा आहेत. चुकणाऱ्या ओळींत १३/०४/२०२४, २२/०४/२०२४, ३०/०४/२०२४. सर्व तारखा आधी दिवस, मग महिना अशाच आहेत आणि अक्षरांत कोठेही जादा जागा नाही.

दुसरे उत्तर

चूक तेरा तारखेपासून सुरू होते, यातच उत्तर आहे. तो संगणक पहिला आकडा महिना समजून वाचतो आहे. बारापर्यंतचा आकडा महिना म्हणून खपतो. तेरावा महिना नसल्यामुळे तेथे सूत्र थांबते. मजकुरातील तारखेचा क्रम डेटव्हॅल्यू फाइलमधून घेत नाही, विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधून घेते, आणि म्हणूनच ऑफिस पुन्हा इन्स्टॉल करून काही साधले नाही. हे सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र असते, त्यामुळे त्याच संगणकावर दुसऱ्या लॉगिनने सर्व सुरळीत चालणेही शक्य आहे.

खात्रीसाठी रिकाम्या सेलमध्ये =डेटव्हॅल्यू("०५/०४/२०२४") असे लिहून (आकडे अर्थातच इंग्रजी) सेलचे स्वरूप ‘जनरल’ ठेवावे. एक्सेल प्रत्येक तारीख दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठवते. ४५३८७ आले तर ते ५ एप्रिल. ४५४१६ आले तर ते ४ मे.

मात्र चूक दाखवणाऱ्या ओळींपेक्षा न दाखवणाऱ्या ओळींची मला अधिक काळजी वाटते. ०५/०४/२०२४ ला ठरलेला माल ०९/०४/२०२४ ला आला तर उशीर चार दिवसांचा. तो संगणक ४ मे ते ४ सप्टेंबर असे मोजून १२३ दाखवील, आणि एवढा मोठा आकडा निदान कोणाच्या तरी नजरेत भरेल. पण ठरलेली तारीख ०५/०४/२०२४ आणि प्रत्यक्ष तारीख ०५/०५/२०२४ असेल, तर खरा उशीर तीस दिवसांचा असूनही तेथे १ हे उत्तर येईल, आणि त्यावर कोणीही शंका घेणार नाही.

फाइल उघडताना सर्व ठीक का दिसते, तेही यातूनच कळते. डेटव्हॅल्यूचे सूत्र फाइल उघडल्याबरोबर आपोआप नव्याने चालत नाही. दुसऱ्या संगणकाने जतन केलेले उत्तरच पडद्यावर येते. कंट्रोल, आल्ट आणि एफ९ एकत्र दाबून संपूर्ण गणन करवून घेतल्यास सर्व ओळींची खरी स्थिती समोर येईल.

प्रश्नकर्ता

४५४१६ आले. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन’मध्ये शॉर्ट डेटचा क्रम महिना आधी असा होता; तो बदलून एक्सेल बंद करून पुन्हा उघडल्यावर उत्तरे जुळली. आता दोन शंका आहेत. उद्या नवा संगणक आला तर हेच पुन्हा घडू नये यासाठी काय करावे? आणि या संगणकावरून आधी जतन झालेल्या फाइलींचे काय?

तिसरे उत्तर

सूत्र सेटिंगवर अवलंबून ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्या तारखा नेहमी दहा अक्षरांच्या असतील, तर =डेट(राइट(सी२,४),मिड(सी२,४,२),लेफ्ट(सी२,२)) हे सूत्र कोणत्याही संगणकावर एकच तारीख देईल, कारण वर्ष, महिना आणि दिवस कोणता हे येथे आपणच सांगतो. एखादी तारीख ५/४/२०२४ अशी शून्याविना आली तर मात्र ते कोलमडेल, म्हणून आधी =लेन(सी२) ने लांबी तपासून घ्यावी.

जुन्या फाइलींत सी आणि डी रकान्यांतील मजकूर शाबूत असेल, तर संपूर्ण गणन पुरेसे आहे. पण मूळ प्रणालीतील नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) त्या संगणकावर डबल-क्लिक करून उघडली असेल, तर प्रकरण वेगळे आहे: तेव्हा ०५/०४ चे उघडतानाच ४ मे या खऱ्या तारखेत रूपांतर होते आणि १३/०४ मजकूरच राहते. असा रकाना ओळखणे सोपे आहे. संरेखन मुद्दाम बदललेले नसेल तर तारखा सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला दिसतो. =इझटेक्स्ट(सी२) ने प्रत्येक ओळ निश्चित करता येते. ती फाइल जतन झाली असेल तर सेटिंग बदलून तारखा परत फिरणार नाहीत. मूळ प्रणालीतून नोंदी पुन्हा काढाव्यात आणि आयात करताना त्या रकान्याचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा स्पष्ट निवडावा. त्या फाइलींवरून उशिराचे अहवाल पाठवले गेले असतील तर तेही नव्याने काढावेत, आणि सुरुवात १ ते १२ तारखांच्या ओळींपासून करावी.