मदत हवी आहे: पुरुषांसाठी गर्भनिरोधनाचे पर्याय

प्रश्न
दोन मुलं आहेत, तिसरं नको यावर दोघांचं एकमत आहे. बायकोला गोळ्या आणि तांबी दोन्ही मानवत नाहीत, तेव्हा आता जबाबदारी माझी. कंडोम आणि नसबंदी सोडून पुरुषांसाठी काही आहे का? नसबंदीनंतर लगेच निर्धास्त होता येतं का? जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

प्रतिसाद १
ते दोन सोडून भरवशाचं काही नाही. खांद्याला रोज चोळायचं हार्मोनचं जेल, शुक्रवाहिनीत (शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळीत) टोचायचं पॉलिमर म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, या गोष्टी अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घेऊ नका: शुक्रजंतू पुरते थांबतीलच असं नाही, आणि थांबले तर परतायला कित्येक महिने जातात. ऐनवेळी बाहेर काढणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात साधारण २० जणींना दिवस जातात.

कंडोममध्ये हाच आकडा प्रत्यक्षात १३ च्या आसपास आहे, दर वेळी बिनचूक वापरला तर २. मधली तफावत दर वेळी न वापरण्याची आणि चुकीच्या हाताळणीची. टोकातली हवा चिमटीने काढली नाही, उलटा लावून पुन्हा सुलटा केला (तो टाकून नवा घ्यायचा), अर्ध्यात लावला, स्खलनानंतर ताठरता जाईपर्यंत आतच राहिलं. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण चालतं. पैशांच्या पाकिटात ठेवलेला कंडोम उष्णतेने आणि घर्षणाने खराब होतो. दोन एकावर एक घालणं तर निव्वळ वेडेपणा.

प्रतिसाद २
कुटुंब पूर्ण झालं असेल तर माझं मत सरळ नसबंदीला. बिनटाक्याच्या पद्धतीत भूल फक्त त्या जागेपुरती. अंडकोषाच्या पिशवीला बारीक छिद्र पाडून दोन्ही शुक्रवाहिन्या एकेक करून बाहेर घेतात, कापतात आणि बंद करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. टोकं नुसती बांधण्यापेक्षा आतून डागून मध्ये ऊतीचा पडदा घातला तर वाहिनी पुन्हा जुळण्याची शक्यता घटते. डॉक्टर काय करतात ते आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा.

दोन दिवस आराम, घट्ट अंतर्वस्त्र, कापडात गुंडाळलेला बर्फ. आठवडाभर जड उचलायचं नाही. थोडं काळंनिळं होणं ठीक. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर थांबू नका. शंभरात एखाद-दुसऱ्याला दुखणं बरेच महिने राहतं, हेही माहीत असू द्या.

वीर्य येतंच, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. ताठरता आणि इच्छा जशी होती तशीच. हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. मग निर्धास्त कधी व्हायचं?

प्रतिसाद २
कापलेल्या जागेच्या पुढे जुने शुक्रजंतू साठलेले असतात, म्हणून लगेच मुळीच नाही. बारा आठवडे आणि निदान वीस स्खलनं, मग वीर्यतपासणी. तोपर्यंत दर वेळी कंडोम. नमुना थेट रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत, पूर्ण. कंडोममधून ओतलेला चालत नाही. डबी अंगालगत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत द्या. शुक्रजंतू शून्य, किंवा मिलिलिटरला एक लाखापेक्षा कमी आणि सगळे निश्चल, असा अहवाल डॉक्टरांनी पाहिला की कंडोम बंद. हालचाल करणारे दिसले तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. यानंतरही दोन हजारांत एखाद्याला वाहिनी कधीतरी जुळते, पण इतर कुठल्याही उपायाशी ताडून बघा.

प्रतिसाद ३
एक भर. नळी पुन्हा जोडता येते, पण वर्षं उलटतात तसं यश घटत जातं, आणि नळी जुळली तरी मूल होईलच असं नाही. थोडीही चलबिचल असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवा किंवा सध्या कंडोमवरच राहा. कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत पत्नीने लेवोनॉरजेस्ट्रेलची (तातडीची गर्भनिरोधक) गोळी घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. पत्नीला गोळ्या नेमक्या कशामुळे चालत नाहीत, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.