आरटी पर्याय चालू केला तरी बायोस राहतोच

हल्ली म्हटलं जातं की 6.12 पासून प्रीएम्प्ट आरटी (ठरलेल्या वेळेत काम होण्याची खात्री देणारी सोय, म्हणजे रिअल टाइम) मूळ लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आलं, आता वेगळा पॅच नको, पर्याय चालू केला की झालं. पहिला भाग अगदी खरा. जवळपास 20 वर्षं बाहेर सांभाळलेलं काम 2024 मध्ये आत आलं, तेही प्रिंटके, म्हणजे कर्नलचे संदेश छापणारा भाग, इथे अडलेलं शेवटचं घोडं निघाल्यावर. याचा मला मनापासून आनंद आहे. पण 'झालं' हे काही पटत नाही.

भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सर्व्हो मोटरचा कंट्रोलर बसवत होतो. दर मिलिसेकंदाला कमांड जायलाच हवी. सायक्लिकटेस्ट, म्हणजे थ्रेड ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागा होतो ते मोजणारी चाचणी, रात्रभर लावली. सगळे आकडे 20 मायक्रोसेकंदांच्या आत आणि मधूनच एखादा थेट 300 च्या वर. दोन दिवस ड्रायव्हर आणि थ्रेडच्या प्रायॉरिटी तपासण्यात गेले. शेवटी कर्नलमधलाच एचडब्ल्यूलॅट ट्रेसर लावला, हार्डवेअर-फर्मवेअरमुळे होणारा उशीर पकडणारा. तो इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ वाचत राहतो, म्हणजे दोन वाचनांत मोठी फट पडली तर ती कर्नलची नाही, त्याच्या खालच्या हार्डवेअर-फर्मवेअरची. चोर तिथेच सापडला: एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. तो आला की प्रोसेसर फर्मवेअरच्या, म्हणजे बोर्डावरच्या बायोससारख्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात जातो, कर्नलला पत्ताही लागत नाही आणि त्याला ते थांबवताही येत नाही. बायोसमध्ये यूएसबीचा लेगसी सपोर्ट (यूएसबी कीबोर्ड-माउस जुन्या पद्धतीचे भासवणारी सोय) बंद केला, आकडे उसळायचे थांबले. आता नवा बोर्ड हातात आला की आधी तासभर एचडब्ल्यूलॅट, मगच सायक्लिकटेस्ट.