बरोबरीत की अनिर्णित, तूट की तोटा? खेळ, रंगमंच आणि अर्थकारणातले शब्द

क्रीडापानावरचे शब्द अर्थपानावर आणि नाटकातले शब्द राजकारणात सर्रास जाऊन बसतात. कुस्तीतलं ‘चितपट’ क्रिकेटच्या मथळ्यात दिसतं, गाण्यातली ‘सम’ वाटाघाटींच्या बातमीत येते. शब्दांनी घर बदलायला हरकत नाही. अडचण एवढीच की मूळ जागी या शब्दांना ठरलेलं माप असतं आणि नव्या जागी ते मागे राहतं. काही नेमक्या शंका आहेत. कसोटी सामना ‘बरोबरीत सुटला’ म्हणावं की ‘अनिर्णित राहिला’? ‘राजकोषीय तोटा’ चालेल का? ‘महागाई उतरली’ हे कधी म्हणता येतं? त्या त्या विषयातल्या जाणकारांनी लिहावं.

* * *

क्रिकेटपुरतं सांगतो. ‘बरोबरीत’ आणि ‘अनिर्णित’ हे दोन वेगळे निकाल आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कसोटीत शेवटचा डाव पूर्ण झाला आणि दोन्ही संघांच्या एकूण धावा सारख्या भरल्या, तरच सामना बरोबरीत सुटतो. हे आजवर दोनदाच घडलंय: १९६० मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांच्यात, १९८६ मध्ये चेन्नईला (तेव्हाचं मद्रास) भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात. वेळ संपली आणि डाव अपुरा राहिला, तर सामना अनिर्णित.

धावा सारख्या झाल्या म्हणजे बरोबरी, हा समज किती फसवा आहे ते २०११ च्या वानखेडेवरील भारत-वेस्ट इंडिज कसोटीत दिसतं. वेस्ट इंडिजच्या ५९० आणि १३४, भारताच्या ४८२ आणि ९ बाद २४२. दोन्हीकडची बेरीज ७२४. पण भारताचा एक गडी शिल्लक होता, डाव संपलेला नव्हता, म्हणून सामना अनिर्णित. त्या दिवशी ‘सामना बरोबरीत’ असं लिहिणारा चुकलाच.

मालिकेला मात्र ‘बरोबरी’ योग्य. भारताची २०२५ ची इंग्लंडमधली मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली आणि तिच्यातली मँचेस्टरची चौथी कसोटी अनिर्णित राहिली. एकाच बातमीत दोन्ही शब्द लागतात, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा राहतो.

बुद्धिबळात उलट आहे. तिथे दोघांनाही अर्धा-अर्धा गुण मिळतो, म्हणजे निर्णय झालेला असतो. त्यामुळे ‘डाव बरोबरीत सुटला’ हेच नेमकं. ‘अनिर्णित’ वाचून डाव तहकूब झाला असावा असं वाटतं.

जाता जाता ‘निर्धाव षटक’. शब्द सुरेख आहे, पण त्या षटकात धावा निघूच शकत नाहीत असं नाही. बाय आणि लेगबायच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जात नाहीत, म्हणून चार लेगबाय गेले तरी षटक निर्धाव राहतं. एक वाइड किंवा नोबॉल पडला की मात्र संपलं. समालोचनात ‘निर्धाव’ म्हणताना धावफलक हलला की नाही हे पाहू नये, गोलंदाजाचा रकाना पाहावा.

* * *

‘चितपट’ बद्दल. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकवून धरले की तो चितपट, आणि कुस्ती तिथेच संपते, गुणफलकावर काहीही असो. ९-० ने मागे असलेला मल्लही चितपट करून जिंकतो. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली तरी कुस्ती थांबते, पण तो विजय तांत्रिक गुणाधिक्याचा, त्याला चितपट म्हणत नाहीत. मातीतल्या कुस्तीतला ‘निकाली’ हा शब्दही याच अर्थाचा, गुणांवर सुटलेली कुस्ती निकाली नव्हे. तेव्हा ‘सहा धावांनी चितपट केले’ हे वाक्य मोडीत काढावं. सहा धावांचा विजय निसटता असतो. डावाने हरवलं, दीडशे धावांनी हरवलं, तिथे ‘चितपट’ शोभेल.

कबड्डीचे दोन शब्द बाहेर फार फिरतात: ‘चढाई’ आणि ‘लोण’. चढाई म्हणजे एकट्या खेळाडूने ३० सेकंदांत, दम न सोडता, समोरच्या सातांत जाऊन परत येणं. परत येणं त्यात महत्त्वाचं आहे. मध्यरेषेपलीकडे पकडला गेला तर चढाई फसली. दुसऱ्या कंपनीच्या बाजारपेठेत कायमचं बस्तान बसवायला निघालेल्या कंपनीला ‘चढाई’ म्हणण्यापेक्षा ‘शिरकाव’ बरा. आणि नुसतं आत जाऊनही भागत नाही: चढाईपटूने समोरच्या अंगणात आखलेली ‘निदान रेषा’ ओलांडलीच पाहिजे किंवा कोणाला तरी स्पर्श केला पाहिजे, नाहीतर तोच बाद. ‘निदान’चा रोजच्या बोलण्यातला अर्थ, ‘किमान एवढं तरी’, त्या रेषेला किती चपखल बसतो पाहा.

लोण म्हणजे समोरचा संपूर्ण संघ बाद. त्याचे दोन जादा गुण, आणि बाद झालेले सातही परत मैदानात. ‘साथीचं लोण गावोगाव पोहोचलं’ यातलं लोण वेगळ्या छटेचं आहे, तिथे पसरत दूर जाण्याचा भाव आहे. आट्यापाट्यांतलं लोण त्याला जवळचं, कारण तिथे पाट्यांमागून पाट्या ओलांडायच्या असतात. क्रीडावृत्तात ‘लोण चढवलं’ आणि बातमीत ‘लोण पसरलं’, क्रियापद बदललं की घोटाळा होत नाही.

* * *

रंगीत तालीम: वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळं प्रयोगासारखं आणि मध्ये न थांबता. कोणी वाक्य विसरलं तरी दिग्दर्शक थांबवत नाही, चूक सावरून पुढे जायचं असतं. ही सलगता हाच तिचा प्राण. म्हणून त्याच मैदानांवर, त्याच नियमांनी, पूर्ण संघ उतरवून झालेल्या स्पर्धेला ‘विश्वचषकाची रंगीत तालीम’ म्हणणं पटतं. पंधरा जणांना आलटून पालटून खेळवलेला सराव सामना ही साधी तालीम.

नाटकाचा ‘प्रयोग’ आणि चित्रपटाचा ‘खेळ’ हा भेदही जपावा. ‘नाटकाचा दुपारचा शो’ रूढ झालाय, पण ‘दुपारचा प्रयोग’ तितकाच छोटा शब्द आहे. फक्त ‘दिग्दर्शकाचा नवा प्रयोग’ असं लिहिलं की अर्थ दुभंगतो: आणखी एक सादरीकरण की नवं धाडस? तिथे ‘प्रयोगशील’ किंवा ‘पुढचा प्रयोग’ लिहून मोकळं व्हावं.

सम. ‘अखेर वाद समेवर आला’ म्हणजे वाद मिटला, अशा अर्थाने हल्ली वाचायला मिळतं. सम ही तालाच्या आवर्तनाची, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याची, पहिली मात्रा. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून सतराव्याला पुन्हा सम येते आणि तिथून नवं आवर्तन सुरू होतं, गाणं थांबत नाही. समेवर येणं म्हणजे गायक आणि तबलजी आपापल्या वाटेने जाऊन एकाच क्षणी एका जागी भेटणं. ही भेट हिशोबाने साधते. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेचा विराम, ५+१+५+१+५ म्हणजे १७. समेपासून उचललेली ही तिहाई (एकच तुकडा तीनदा) बरोबर पुढच्या समेवर पडते. एका मात्रेने चुकली की सगळ्या मैफिलीला कळतं. तेव्हा दोन पक्ष वेगवेगळ्या मार्गांनी एका मुद्द्यावर आले, तर ‘समेवर आले’ सुंदर. भांडण नुसतं मिटलं असेल तर ‘समेट’ आहेच.

आणि कृपा करून शाब्दिक चकमकीला ‘जुगलबंदी’ म्हणू नये. जुगलबंदीत दोन समान दर्जाचे कलाकार एकमेकांना खुलवतात. चकमकीला ‘सवाल-जवाब’ पुरतो.

* * *

लाक्षणिक वापराला इतकं माप लावलं तर मथळे कोरडे होतील, ही भीती वाटते. वाचकाला मात्रा मोजायच्या नसतात.

* * *

मथळ्यात सूट द्यावी, मान्य. पण आकडा आला की सूट संपते, आणि अर्थपानावर प्रत्येक वाक्यात आकडा असतो.

‘तूट’ आणि ‘तोटा’ घ्या. धंद्यात खर्चापेक्षा उत्पन्न कमी पडलं की तोटा. जमा-खर्चाच्या ठरलेल्या दोन रकमांतला कमीपणा ती तूट, आणि कुठल्या दोन रकमा हे विशेषण सांगतं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये आणि कर्ज वगळता जमा ३४.९६ लाख कोटी. फरक १५.६९ लाख कोटी, ही राजकोषीय तूट, म्हणजेच उभारावं लागणारं कर्ज. त्यातून १२.७६ लाख कोटींचं व्याज वजा केलं की उरते प्राथमिक तूट. महसुली तूट आणखी वेगळी, तिच्यात फक्त महसुली खर्च आणि महसुली जमा. विशेषण गाळून ‘सरकारची तूट ४.४ टक्के’ लिहिलं की वाचक अंधारात. ‘राजकोषीय तोटा’ तर चूकच. ‘निर्यातीत तूट’ सुद्धा चूक: निर्यात गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली तर ‘घट’, आयातीपेक्षा कमी असेल तर ‘व्यापार तूट’.

‘महागाई उतरली’: गेल्या वर्षी १०० रुपयांची वस्तू ६ टक्क्यांनी वाढून १०६ झाली. यंदा दर ४ टक्के. वस्तू ११०.२४ रुपयांना. दर उतरला, भाव चढलेच. म्हणून ‘महागाईचा दर उतरला’ किंवा ‘भाववाढ मंदावली’ लिहावं. भावच खाली आले तर ‘स्वस्ताई’ किंवा शास्त्रीय लिखाणात ‘चलनघट’.

सगळ्यात जास्त घात करतो तो प्रत्यय. ‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्क्यांवर’. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो) ६ वरून ५.५० टक्क्यांवर आणला. ‘५.५० टक्क्यांनी’ लिहिलं तर दर जवळजवळ शून्यावर गेला. ‘अर्ध्या टक्क्याने’ हे बोलण्यात चालतं, पण गणिताने सहाची अर्ध्याने घट ८.३३ टक्के भरते, म्हणून लेखी ‘अर्धा टक्केबिंदू’ किंवा ‘५० आधारबिंदू’ (शंभर आधारबिंदू म्हणजे एक टक्केबिंदू) बरा. सर्वांत सुरक्षित म्हणजे दोन्ही टोकं देणं: ‘६ वरून ५.५० वर’.

शेअर बाजार ‘कोसळला’ यालाही माप हवं. पाचशे अंशांची घसरण निर्देशांक २०,००० असताना अडीच टक्के होती, ८०,००० असताना पाऊण टक्काही नाही. बाजारात व्यवहार थांबवण्याची पहिली पायरीच १० टक्क्यांची आहे. पाऊण टक्क्याला ‘घसरला’ पुष्कळ झालं.

* * *

सांस्कृतिक पानासाठी एक भर: क्रमांकाचा ‘वा’ आणि ‘वर्षे पूर्ण’. १५ ऑगस्ट २०२१ हा ७५ वा स्वातंत्र्यदिन, पण स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण झाली ती १५ ऑगस्ट २०२२ ला, कारण पहिला दिवस १९४७ चाच मोजला जातो. वाढदिवसाचं तसं नाही. ‘पन्नासावा वाढदिवस’ म्हणजे पन्नास पूर्ण, आणि ‘पन्नासाव्या वर्षात पदार्पण’ म्हणजे एकोणपन्नास पूर्ण. दोन्ही एकाच अभिनंदनात लिहिलेले दिसतात. संमेलनांचा क्रमांक तर वर्षं सांगतच नाही: २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, पण पहिलं १८७८ मध्ये पुण्यात भरलं होतं. ‘९८ वर्षांची परंपरा’ लिहिलं की परंपरेची ४९ वर्षं गळून पडतात.